शंभर डॉलरांची पाटी

पाटीवर अक्षरे गिरवून प्राध्यापक झालेल्या माणसाने संगणकावर बोलावे, हे धाडसच. पण विषय मुळात पाटीचाच आहे. जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे निकोलस नेग्रोपोंटे यांनी गरीब देशांतील प्रत्येक बालकाला शंभर डॉलरांचा लॅपटॉप मिळावा, ही कल्पना मांडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूनिस येथे त्याचा नमुना दाखविण्यात आला. वीज नसलेल्या खेड्यांसाठी त्याला हाताने फिरविण्याचा दांडा होता. कोफी अन्नान यांनी तो फिरविला आणि तो निखळून आला! पुढे तयार झालेल्या यंत्रात दांडा उरला नाही. किंमत मात्र २००७ मध्ये १८८ डॉलरांवर गेली.

भारताच्या शिक्षण खात्याने २००६ मध्येच नकार दिला होता. वर्गखोल्या व शिक्षक यांची निकड अधिक, असे त्याचे म्हणणे. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराटच्या लहानशा शाळेत ही यंत्रे प्रयोगादाखल पोहोचली.

पेरूने आठ लाखांहून अधिक यंत्रे वाटली. तेथील ग्रामीण शाळांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित व भाषा यांत काही फरक आढळला नाही. तर्कबुद्धीच्या चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, हे टीकाकार सहसा सांगत नाहीत. उरुग्वेने २००७ पासून यंत्राबरोबर शाळाशाळांत इंटरनेटही नेले. त्याच जोडणीवरून २०१२ पासून तेथील वर्गांत पडद्यावर इंग्रजीचे शिक्षक येऊ लागले, आणि वर्गातील बाई शेजारी उभ्याच राहिल्या.