उत्तरं एकदाच द्या, १२ कॉम्प्युटरवर विंडोज आपोआप पडेल. पण एक उत्तर चुकलं तर?

"फॉरमॅट मारा आणि नवीन विंडोज टाका." कॉम्प्युटर स्लो झाला की हार्डवेअरच्या दुकानात ऐकू येणारं हे ठरलेलं वाक्य. घरचा एकच कॉम्प्युटर असेल तर काम तासाभरात उरकतं.

पण समजा, कुपवाड एमआयडीसीत एक कारखाना आहे. अकाउंटला २ कॉम्प्युटर, स्टोअरला आणि डिस्पॅचला एकेक, ड्रॉइंगला ३, बाकी ऑफिसात, असे मिळून १२. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. त्यामुळे मालकांनी ठरवलं, सगळीकडे विंडोज ११ टाकायचं, तेही शनिवारी संध्याकाळी सुरू करून सोमवारी सकाळच्या आत.

आता भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, कुठल्या डिस्कवर टाकू, युझरचं नाव काय, हेच प्रश्न १२ वेळा येणार आणि दर वेळी कुणीतरी समोर बसून नेक्स्ट, नेक्स्ट करणार. हे टाळायचा अधिकृत मार्ग आहे. त्याला म्हणतात अनअटेंडेड इन्स्टॉलेशन, म्हणजे माणूस समोर न बसता होणारं इन्स्टॉलेशन.

हे चालतं कसं?

कल्पना एकदम साधी आहे. सेटअप जे प्रश्न विचारणार, त्यांची उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. या फाइलला आन्सर फाइल म्हणतात. सेटअप प्रश्न स्क्रीनवर दाखवण्याआधी ती फाइल बघतो. उत्तर सापडलं तर पुढे जातो, नाही सापडलं तर थांबून विचारतो. हे 'थांबून विचारतो' लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

विंडोजसाठी या फाइलचं नाव ठरलेलं आहे : ऑटोअनअटेंड, एक्सएमएल प्रकारची. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ चा बूटेबल पेनड्राइव्ह बनवायचा (किमान ८ जीबीचा) आणि ही फाइल त्यात कुठल्याही फोल्डरमध्ये न टाकता थेट बाहेर ठेवायची. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला की सेटअप ती स्वतः शोधतो.

फाइल बनवायला मायक्रोसॉफ्टचंच विंडोज सिस्टिम इमेज मॅनेजर हे मोफत टूल आहे. उत्तरं टप्प्यांनुसार विभागलेली असतात. असे एकूण ७ टप्पे आहेत, पण साध्या कामाला ३ पुरतात. पहिल्यात भाषा, डिस्क आणि लायसन्सच्या अटी. दुसऱ्यात कॉम्प्युटरचं नाव आणि टाइम झोन. तिसऱ्यात युझरचं खातं आणि पहिल्यांदा सुरू होताना येणारे प्रश्न. तारीख-आकड्यांसाठी मराठी (भारत) आणि सोबत मराठी कीबोर्डही इथंच ठरवून ठेवता येतो.

लिनक्सवाल्यांचं काय?

सांगलीत लिनक्स वापरणारे कमी नाहीत. वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये तर विद्यार्थ्यांचा लिनक्स युझर्स ग्रुपच आहे. लिनक्समध्ये हीच कल्पना वेगवेगळ्या नावांनी येते. रेड हॅट आणि फेडोरामध्ये किकस्टार्ट, डेबियनमध्ये प्रीसीड, उबुंटूमध्ये ऑटोइन्स्टॉल. किकस्टार्टची एक सोय भारी आहे. तुम्ही एकदा हाताने इन्स्टॉल केलं की तुम्ही दिलेल्या उत्तरांची फाइल सिस्टिम स्वतःच तयार करून ठेवते. पुढच्या मशीनला तीच थोडी सुधारून वापरायची.

मशीन शेकड्यांनी असतील तर पेनड्राइव्हही लागत नाही. पीएक्सई या पद्धतीत कॉम्प्युटर सुरू होतानाच नेटवर्कवरच्या सर्व्हरला विचारतो, "मी काय चालवू?" सर्व्हर सेटअप आणि आन्सर फाइल दोन्ही पाठवून देतो.

खरी गोम इथं आहे

आन्सर फाइलमध्ये एक ओळ असते : डिस्क पुसू का? उत्तर 'हो' आणि डिस्क नंबर शून्य असं लिहिलं, की सेटअप ती डिस्क साफ करून टाकतो. "नक्की ना?" असंही विचारत नाही, कारण विचारू नको हे तुम्हीच सांगितलंय.

आता ज्या मशीनमध्ये एक एसएसडी आणि एक जुनी हार्ड डिस्क आहे, तिथं शून्य नंबर कुणाचा? तुम्हाला वाटतंय एसएसडीचा, पण तो हार्ड डिस्कचाही असू शकतो. मग ५ वर्षांची टॅली, जीएसटीचे रिटर्न, पार्टीची ड्रॉइंग सगळं गेलं. एसएसडी पुसली गेली तर डेटा परत मिळण्याची आशा आणखी कमी, कारण मोकळी झालेली जागा ती स्वतःच साफ करत असते.

हे फक्त छोट्या ऑफिसात घडतं असं नाही. मे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात विंडोज ७ टाकण्याचा आदेश चुकून सगळ्याच विंडोज मशीनना गेला. त्यात लॅपटॉप, डेस्कटॉप आणि सर्व्हरही आले. त्या आदेशाचं पहिलंच काम डिस्क फॉरमॅट करणं होतं. चूक कळेपर्यंत आदेश पाठवणारा सर्व्हरही फॉरमॅट झाला होता.

थोडक्यात, हाताने केलेली चूक एका मशीनवर होते. आन्सर फाइलमधली चूक सगळ्या मशीनवर होते.

बाकीच्या चुका छोट्या, पण तापदायक. फाइलमध्ये कॉम्प्युटरचं एकच नाव लिहिलं तर १२ मशीन एकाच नावाची होतात आणि नेटवर्कवर भांडतात. नावाच्या जागी फक्त फुलीचं चिन्ह (*) टाकलं तर विंडोज प्रत्येकाला वेगळं नाव देतं. दुसरं म्हणजे पासवर्ड. तो फाइलमध्ये सरळ वाचता येतो किंवा वरवर झाकलेला असतो. ते झाकण चुटकीसरशी निघतं. म्हणजे तो पेनड्राइव्ह टेबलावर पडून राहिला, तर ऑफिसची चावीच टेबलावर पडलीय असं समजा.

मग करायचं कसं?

१. आधी बॅकअप. एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या जागी. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या सांगलीकरांना 'दुसरी जागा' का, हे वेगळं सांगायला नको. बॅकअप घेतला म्हणून थांबू नका, त्यातली टॅली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

२. मशीन विंडोज ११ ला चालतंय का ते तपासा. टीपीएम २.०, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही किमान अट आहे.

३. प्रत्येक मशीनला स्वतःचं लायसन्स लागतं. आन्सर फाइल प्रश्न वाचवते, लायसन्स नाही. कुणाकडून आलेली 'तयार' विंडोज किंवा तयार आन्सर फाइल न वाचता वापरू नका. त्यात दुसऱ्याने काय लिहून ठेवलंय, ते तुमच्या मशीनवर चालणार आहे.

४. डिस्कचं उत्तर मुद्दाम कोरं सोडा. सेटअप त्या एका ठिकाणी थांबेल, डिस्कची यादी दाखवेल, तुम्ही साइझ बघून योग्य ती निवडाल. मशीनमागे मिनिटभर जाईल, बाकी सगळं आपोआप. शक्य असेल तर त्या वेळी जुन्या हार्ड डिस्कची केबलच काढून ठेवा.

५. पहिली चाचणी खऱ्या मशीनवर नको. व्हर्च्युअल बॉक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये खोटा कॉम्प्युटर बनवून तिथं चालवा. मग एक खरं मशीन, मग उरलेली ११.

६. यूपीएस नसेल तर लाइटचा अंदाज घेऊनच सुरू करा. काम झालं की पेनड्राइव्हमधली आन्सर फाइल काढून टाका आणि पासवर्ड बदला.

उबुंटूवाल्यांनी ही काळजी आधीच घेतलीय. आन्सर फाइल सापडली तरी डिस्कला हात लावण्याआधी तो एकदा 'हो की नाही' विचारतो. तो प्रश्न बंद करायचा असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं.

शनिवारी संध्याकाळी १२ मशीन लावून घरी जायचंय, तर खुशाल जा. फक्त डिस्कच्या प्रश्नापर्यंत थांबा, तेवढं एक उत्तर स्वतः द्या आणि मग निघा.