अभ्यासक्रमांतर्गत भाषा

अभ्यासक्रमांतर्गत भाषा हा शिक्षक-शिक्षणातील एक विचार असून भारतातील बी.एड. अभ्यासक्रमात याच नावाचा एक विषयही आहे. शाळेतील प्रत्येक विषय भाषेतूनच शिकला जातो. त्यामुळे त्या विषयाचे वाचन, लेखन आणि संवाद शिकविणे ही केवळ भाषाशिक्षकाची नव्हे, तर गणित, विज्ञान, इतिहास किंवा भूगोल शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाची जबाबदारी ठरते, अशी या विचाराची भूमिका आहे. इंग्रजीत तो ‘लँग्वेज अक्रॉस द करिक्युलम’ या नावाने ओळखला जातो.

उगम

या विचाराची सुरुवात १९६० च्या दशकात लंडनमधील इंग्रजीच्या शिक्षकांच्या चर्चांतून झाली. डग्लस बार्न्स, जेम्स ब्रिटन आणि हॅरॉल्ड रोझेन यांचे ‘लँग्वेज, द लर्नर अँड द स्कूल’ हे पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. बार्न्स यांनी माध्यमिक शाळेतील निरनिराळ्या विषयांच्या तासांमधील शिक्षकांची भाषा तपासली. विषयाच्या पारिभाषिक शब्दांकडे शिक्षकांचे लक्ष असते. पण त्या शब्दांभोवतीची औपचारिक, पुस्तकी वाक्यरचना मुलांना तितकीच परकी असते आणि ती कोणी समजावून देत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

ब्रिटनमध्ये १९७२ साली नेमलेल्या बुलक समितीचा ‘अ लँग्वेज फॉर लाइफ’ हा अहवाल १९७५ मध्ये आला. प्रत्येक माध्यमिक शाळेचे सर्व विषयांना लागू होणारे भाषाधोरण असावे, ही त्याची शिफारस विशेष गाजली. त्याहून कमी चर्चिली गेलेली शिफारस शिक्षक-प्रशिक्षणाविषयी होती: भावी शिक्षकाचा विषय कोणताही असो, त्याच्या प्रारंभिक प्रशिक्षणात भाषा व वाचन यांवरील भरीव अभ्यासक्रम असलाच पाहिजे.

अमेरिकेत हीच चर्चा ‘आशयक्षेत्रातील वाचन’ या नावाने झाली. हॅरॉल्ड हर्बर यांचे त्यावरील पाठ्यपुस्तक १९७० चे आहे. पुढे टिमोथी व सिंथिया शॅनहॅन यांनी २००८ मधील लेखात वेगळी भूमिका मांडली. सर्व विषयांना सारखीच वाचनतंत्रे लावून भागत नाही, कारण इतिहासकार, रसायनशास्त्रज्ञ आणि गणिती वेगवेगळ्या रीतीने वाचतात. सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये इतिहासकारांच्या वाचनाचा अभ्यास केला होता. इतिहासकार कागद हाती येताच तो कोणी व केव्हा लिहिला हे आधी पाहतात. विद्यार्थी मात्र थेट मजकुराला हात घालतात, असे त्यात आढळले.

भारतातील स्थान

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आणि शिक्षक-शिक्षणासाठीचा २००९ चा आराखडा यांनी या विचाराला भारतात वाट करून दिली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्याच्या चौकटीत ‘अभ्यासक्रमांतर्गत भाषा’ सर्व छात्राध्यापकांसाठी आली, मात्र अर्ध्या विषयाच्या वजनाने. तिच्या जोडीला ‘संहितांचे वाचन व चिंतन’ हा प्रात्यक्षिक स्वरूपाचा विषयही ठेवण्यात आला.

मराठी माध्यमातील प्रश्न

मराठीत वैज्ञानिक परिभाषा बव्हंशी संस्कृत धातूंवरून घडविली आहे. त्यामुळे दोन अडचणी उद्भवतात. ‘प्रकाशसंश्लेषण’ किंवा ‘समद्विभुज’ यांसारखे शब्द घरात कधीच कानी पडत नाहीत. दुसरी अडचण अधिक फसवी आहे, कारण तेथे शब्द ओळखीचा असतो पण अर्थ बदललेला असतो. ‘घात’ म्हटल्यावर मुलाला विश्वासघात आठवतो, गणितात तो संख्येचा असतो. बाजारात ‘वजन’ किलोत मोजतात. विज्ञानात किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे आणि वजन न्यूटनमध्ये मोजले जाते. दिवसभर भिंत ढकलणाऱ्या माणसाने काहीही ‘कार्य’ केलेले नाही, हे विधान भौतिकशास्त्रात बरोबर असले तरी मुलाला ते थट्टेचे वाटू शकते.

पहिल्या प्रकारच्या शब्दांची फोड करून दाखविणे उपयोगी पडते. ‘सम’, ‘द्वि’, ‘भुज’ असे तुकडे केले की समद्विभुज त्रिकोणाची व्याख्या पाठ करण्याची गरजच उरत नाही. दुसऱ्या प्रकारात रोजचा अर्थ आणि शास्त्रीय अर्थ शेजारी ठेवून बोलावे लागते.

अडचण केवळ शब्दांची नसते. ‘सीमाकडे १२ पेरू आहेत. ते रमाकडील पेरूंपेक्षा ५ ने जास्त आहेत. रमाकडे किती?’ या उदाहरणात ‘जास्त’ हा शब्द दिसताच अनेक मुले बेरीज करून १७ लिहितात. त्यांना वजाबाकी येत असते. ‘ते’ हे सर्वनाम आणि ‘पेक्षा’ हा शब्द यांनी जोडलेला संबंध वाचता येत नसतो. अशा मुलाला वजाबाकीची आणखी शंभर उदाहरणे देणे हा चुकीच्या रोगावरचा उपचार होय.

संख्यावाचनाचा वाद हे याच क्षेत्रातील सर्वाधिक गाजलेले उदाहरण आहे. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आल्यावर २०१९ मध्ये महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी या पद्धतीचे समर्थन केले. लिहिताना दशक आधी येतो व बोलताना एकक, हा मराठीतील उलटा क्रम लहान मुलांना अडतो, हा त्यामागील विचार होता. विरोधकांचा भर रूढ भाषेच्या जपणुकीवर राहिला.

सेमी-इंग्रजी वर्गांत गणित व विज्ञान इंग्रजीत, तर इतिहास-भूगोल मराठीत शिकले जातात. गोंडी, कोरकू, भिली किंवा वारली बोलणाऱ्या मुलांसाठी प्रमाण मराठी हीच शाळेतील नवी भाषा असते. या दोन्ही परिस्थितींत विषयशिक्षकाला भाषेचा प्रश्न टाळताच येत नाही.

प्रशिक्षणातील कार्यपद्धती

छात्राध्यापकांना सामान्यतः आपल्याच विषयाच्या पाठ्यपुस्तकातील एखादे पान तपासण्यास सांगतात. कोणते शब्द नवे आहेत, कोणते वाक्य कर्मणी रचनेमुळे दुर्बोध झाले आहे, आकृती व नकाशा वाचण्यासाठी कोणते पूर्वज्ञान गृहीत धरले आहे, याची नोंद करून त्यावर पाठटाचण बेतले जाते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांचे विश्लेषण हा आणखी उपयुक्त उपक्रम आहे. चूक आशयाची की भाषेची, हे वेगळे काढणे त्यात शिकता येते. वर्गातील गटचर्चेलाही या विचारात मोलाचे स्थान आहे, कारण मुले नवी संकल्पना प्रथम आपल्या बोलीत चाचपून पाहतात.

मर्यादा

हा विषय लेखी परीक्षेपुरता उरण्याचा धोका मोठा आहे. तो सहसा भाषेचे प्राध्यापक शिकवितात आणि गणित-विज्ञानाच्या अध्यापन पद्धतीच्या तासांशी त्याचा सांधा जुळत नाही. तेव्हा छात्राध्यापकांना तो उपरा वाटतो. छात्रसेवाकालातील पाठाचे निरीक्षण करताना भाषेकडे पाहिलेच नाही, तर तो धडा तेथेच संपतो. ‘आमच्यावर भाषाशिक्षकाचे काम लादले जाते’ हा विषयशिक्षकांचा आक्षेपही जुना आहे.

२०२१ पासून राबविल्या जाणाऱ्या निपुण भारत अभियानाचा भर तिसरीपर्यंतच्या पायाभूत वाचनावर आहे. त्यापुढील इयत्तांत मजकूर अधिक दाट होतो, पण वाचन शिकविण्यासाठी वेगळा तास नसतो. ही जबाबदारी विषयशिक्षकावर येते आणि तिची तयारी बी.एड.च्या या अर्ध्या विषयावर सोपविलेली आहे.