काणीला मीठ-मोहरी

ज्वारीच्या कणसात दाण्यांच्या जागी काळ्या भुकटीने भरलेल्या पुड्या धरतात, त्या बुरशीच्या रोगाला मराठीत काणी म्हणतात. गव्हावरच्या तिच्या भाऊबंदाचे नाव काजळी. काजळीचा अर्थ उघड आहे आणि तिला जगभर सोयरे आहेत. लॅटिन उस्टिलागो जळण्यावरून आले, जर्मन ब्रांड म्हणजे आग, इंग्रजी स्मट म्हणजे काजळाचा डाग. काणी मात्र या जळक्या कुळातली नाही.

तिला 'कण' शब्दाशी जोडण्याचा मोह होतो. पण कणापासून मराठीने आधीच 'कणी' घडवली आहे, ती तांदळाची. तिथे पहिला स्वर ऱ्हस्वच राहिला. काणीतल्या दीर्घ स्वराचा हिशेब संस्कृत 'काण' शब्दाने चुकता होतो. काण म्हणजे एका डोळ्याने आंधळा. शिवाय भोक पडलेला, निकामी. हिंदीतली कानी कौडी या दुसऱ्या अर्थाची. आत नुसती पूड उरलेल्या दाण्याला हा अर्थ चपखल बसतो आणि कोशकाराला तोच पटेल. तरी डोळा सहजासहजी सोडवत नाही. कणसातला एकेक दाणा फुटक्या डोळ्यासारखा काळा पडतो, आणि भरल्या शिवाराला नजर लागते म्हणूनही शेतात बुजगावणे उभे राहते. रोग डोळ्याच्या नावाचा असेल, तर त्याचा उतारा घरोघरी ठाऊक आहे: मीठ-मोहरी.

हा नुसता शब्दांचा खेळ ठरला असता. पण बुरशीशी झालेल्या झगड्यात ही जोडी निरनिराळ्या दारांनी पुन्हा पुन्हा आत येते. सुश्रुतसंहितेत जखमी रोग्याच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांचा धूप दहा दिवस, रोज दोनदा द्यायला सांगितले आहे. हेतू, निशाचर राक्षसांना दूर ठेवणे. दृष्ट काढणाऱ्या मुठीतली लाल मिरची पोर्तुगिजांच्या मागून आलेली. ती वजा केली की मुठीत सुश्रुताच्या यादीतलेच जिन्नस उरतात. माणसाचे औषध झाडाला लागू करण्याची रीतही जुनी. सुमारे इ. स. १०००च्या सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात झाडाच्या कफविकारांवर पांढऱ्या मोहरीचा लेप मुळाशी घालायला सांगितला आहे. बियाण्यापुरते बोलायचे तर कौटिल्य वनस्पतीला हात लावत नाही: धान्याचे बी सात दिवस रात्री दवात आणि दिवसा उन्हात ठेवावे, एवढेच. वनस्पतीचा रस रोमकडे सापडतो. प्लिनी डेमॉक्रिटसच्या नावावर सांगतो की पेरणीपूर्वी बी कौलांवर उगवणाऱ्या एका मांसल पानांच्या झाडाच्या रसात भिजवावे.

मिठाचा धागा इंग्लंडचा. ब्रिस्टलजवळ समुद्रात बुडालेला गहू पेरला आणि पुढच्या पिकात 'स्मट' दिसला नाही, अशी हकिगत जेथ्रो टलने १७३३ साली नोंदवली. फ्रान्समध्ये टिलेने १७५५ साली गव्हाच्या बंट रोगाचे मूळ बियाण्याला चिकटलेल्या काळ्या पुडीत दाखवले. १८०७ साली प्रेव्होने मोरचूद वापरला. मग पाऱ्याची औषधे आली. पाऱ्याचे औषध लावलेले बियाणे लोकांनी खाल्ल्याने इराकमध्ये १९७१-७२ साली शेकडो माणसे दगावली. महाराष्ट्रात बाजरीच्या अरगट या बुरशीच्या रोगासाठी २० टक्के मिठाचे पाणी आजही सुचवतात, पण तिथे मीठ बुरशी मारत नाही. हलके, रोगट दाणे तरंगवून चाळणीचे काम करते.

मोहरी खरोखर मारते. जर्मनीत बंटविरुद्ध पिवळ्या मोहरीचे पीठ बियाण्याला लावू लागले आणि युरोपीय संघाने २०१७ साली मोहरीच्या पुडीला या कामासाठी मान्यता दिली. तिचे रहस्य 'फेसणे' या क्रियापदात आहे. काळ्या मोहरीत सिनिग्रिन हे रसायन आणि मायरोसिनेज हे विकर वेगवेगळ्या पेशींत असतात. मोहरी पाणी घालून वाटली की दोघांची गाठ पडते आणि अलाइल आयसोथायोसायनेट सुटते. नाकात झणका जातो तो त्याचाच. पिवळीत रसायन थोडे वेगळे, घडण तीच. लोणच्यातली मोहरी बुरशीला आवरते ती याच बळावर. फोडणीत कडकडीत तेलाने विकर आधीच मरते, म्हणून तडतडलेली मोहरी झोंबत नाही.

दृष्टीच्या उपपत्तीला खरा फटका इथेच बसतो. दृष्ट काढताना मोहरी निखाऱ्यावर पडते, म्हणजे विकर जळून जाते. धुरातून फेसलेल्या मोहरीचे काम होणार नाही. तेव्हा मोहरीच्या या उपायांच्या कुळाचा मूळपुरुष वैद्याची धूपदाणी नसून पाटा-वरवंटा असावा, आणि दृष्टीच्या मुठीत मोहरी स्वयंपाकघरातून, तिचा झोंबरा लौकिक घेऊनच गेली असावी, हा तर्क अधिक टिकतो.

मोहरीचा हात पोचतो तो बियाण्याच्या सालीपर्यंत. बंटची बीजुके दाण्याला बाहेरून चिकटतात, ज्वारीच्या दाणेकाणीचीही. गव्हाच्या काजळीची बुरशी दाण्याच्या गर्भात दडून बसते; तिथे लेप निरुपयोगी. तिच्यासाठी लुथ्रा आणि सत्तार यांनी १९३४ साली पंजाबात मांडलेली रीत अशी: कडक उन्हाळ्याच्या दिवशी बी सकाळी चार तास साध्या पाण्यात भिजवावे आणि दुपारी उन्हात पसरून वाळवावे. पाण्याने बुरशी जागी होते आणि ऊन तिला मारते. कौटिल्याच्या दव-उन्हाशी ही रीत मोहरीपेक्षा जवळची आहे.