करविता आणि कर्ता : कलावंतांच्या जतन केलेल्या घरांविषयी

जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता वडीगोद्री येथे छत्रपती संभाजीनगर–बीड महामार्गास मिळतो. तेथून दक्षिणेस शहागडाजवळ गोदावरीचे पात्र लागते. ह्या परिसराने दोन थोर पुरुषांची घरे जपली आहेत. नदीच्या वरच्या अंगास पैठण येथे एकनाथांचा वाडा आज नाथमंदिर म्हणून उभा आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांचे जन्मस्थान मंदिररूपाने राखलेले आहे. संताचे घर राखावयाचे, हा संस्कार येथे इतका दृढ आहे की त्याचे नवल कोणास वाटत नाही. तथापि ज्या हातांनी हाच मुलूख देवळांनी, बारवांनी आणि लेण्यांनी नटविला, त्या हातांचे घर कोठे होते असा प्रश्न केला असता उत्तर मिळत नाही. स्थपतीचे किंवा शिल्पकाराचे घर जतन होऊन त्याचे संग्रहालय व्हावे, ही घटना महाराष्ट्रात इतकी विरळ का, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. त्या विचाराचा आरंभ वास्तूंपासून न करता व्याकरणापासून करणे सोयीचे ठरेल.

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी असलेला मराठी लेख भाषेच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. त्याच्या काळाविषयी मतभेद आहेत; वाक्यरचनेविषयी मात्र संशय नाही. चावुण्डराजाने ती मूर्ती ‘करवियलें’, असे तो लेख सांगतो. ‘केलें’ असे तो म्हणत नाही. ‘करविणे’ हे प्रयोजक क्रियापद आहे आणि प्रयोजक क्रियेत दोन माणसे गृहीत असतात : एक करविणारा, दुसरा प्रत्यक्ष करणारा. लेखात पहिल्याचे नाव आहे. दुसऱ्याची जागा व्याकरणाने राखलेली आहे, परंतु ती रिकामी आहे. म्हणजे ज्याने मूर्ती घडविली तो अज्ञात असला, तरी तो होता ह्याची कबुली त्या एका प्रत्ययात दडलेली आहे. आजच्या मराठीने तेवढीही कबुली ठेवलेली नाही. अमुक राजाने किल्ला बांधला, अमुक सरदाराने वाडा बांधला, असे आपण सहज लिहितो. ‘बांधविला’ हे रूप मागे पडले आणि त्याबरोबर बांधणाऱ्याची रिकामी जागाही बुजून गेली.

ही रिकामी जागा किती मोठी असू शकते, हे वेरूळच्या कैलास लेण्यावरून दिसते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (इ. स. ७५६–७७३) ह्याच्याशी त्याचा संबंध सामान्यतः जोडला जातो. ह्या राजाने उभारविलेल्या एलापूरच्या शिवमंदिराचे वर्णन कर्क सुवर्णवर्षाच्या बडोदे ताम्रपटात (शके ७३४, इ. स. ८१२–१३) आले आहे. ते पाहून देव विस्मित झाले आणि खुद्द स्थपतीलाही आपल्या हातून हे कसे घडले ह्याचे आश्चर्य वाटले, असा त्या वर्णनाचा आशय आहे. प्रशस्तिकाराने स्थपतीचे मन वाचले, त्याचा अचंबा नोंदविला. नाव तेवढे नोंदविले नाही.

नावाची ही उणीव पुढे लोकस्मृतीने आपल्या परीने भरून काढली. कृष्ण याज्ञवल्की ह्यांच्या ‘कथाकल्पतरु’ ह्या मराठी ग्रंथात एक कथा आहे. मंदिराचा कळस पाहिल्यावाचून अन्न न घेण्याचा राणीने नेम केला. तो लवकर फिटावा म्हणून पैठणच्या कोकस नावाच्या शिल्प्याने शिखरापासून कामास आरंभ केला, अशी ती हकीकत आहे. कथेतील नवसाचा भाग बाजूस ठेवला, तरी कैलास वरून खाली खोदीत आणला गेला हे तांत्रिक सत्य त्या कथेने बिनचूक राखले आहे. शिवाय मध्य भारतातील अकराव्या ते तेराव्या शतकांतील काही कोरीव लेखांत शिल्पी आपण कोकसाच्या कुळातले असल्याचे सांगतात. ह्यावरून कैलासाचा कर्ता कोकसच होता असे सिद्ध होत नाही. परंतु कारागिरांच्या परंपरेत ह्या नावाला कुलपुरुषाची प्रतिष्ठा होती, एवढे निश्चित म्हणता येते. पैठणात एकनाथांचा वाडा दाखविता येतो. कोकसाचे घर दाखविता येत नाही. त्याचा निवारा म्हणजे एक कथा.

रायगडावर ह्याच्या पुढची पायरी दिसते, आणि ती अक्षरशः पायरीच आहे. जगदीश्वराच्या प्रासादातील संस्कृत लेखात गडावरील इमारती उभारणाऱ्या हिरोजीचे नाव येते, आणि मंदिराच्या एका पायरीवर सेवेस तत्पर असणाऱ्या ‘हिराजी इटळकर’ ह्याचे नाव मराठीत कोरलेले आहे. रूढ परंपरेत तोच हिरोजी इंदुलकर. येथे कर्त्याला नाव मिळाले, पण ते भक्तांच्या पायांखाली. अभिमान सेवाभावाच्या वेषातच व्यक्त झाला. ‘कर्ता करविता’ तोच एक, अशी ज्या भाषेची धारणा, तिच्यात कारागिराने याहून निराळे काही लिहावे अशी अपेक्षाही धरता येत नाही. नाव राहिले. घर मात्र येथेही राहिले नाही.

कर्त्याचे घर राहण्यासाठी प्रथम कर्त्याची समाजातील जागा बदलावी लागते. संस्कृतात ‘सूत्रधार’ म्हणजे बांधकामाचे सूत्र हाती धरणारा, संपूर्ण रचनेचा नियंता. त्याच शब्दाच्या कुळातला मराठी ‘सुतार’ हा मात्र बलुतेदार झाला. नाटकाच्या क्षेत्रात सूत्रधार मानाने राहिला. बांधकामाच्या क्षेत्रात तो गावगाड्यात स्थिरावला. बलुतेदाराचे घर ही त्याच्या कुटुंबाची निकड होती, इतरांच्या दर्शनाची वस्तू नव्हती.

हा बदल इंग्लंडात कसा घडला, ह्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सर जॉन सोन. विटा रचणाऱ्या गवंड्याचा हा मुलगा बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुशिल्पज्ञ झाला. लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स येथील आपले घर त्याने मूर्ती, वास्तुखंड, नकाशे आणि ग्रंथ ह्यांनी भरले, आणि १८३३ साली पार्लमेंटकडून कायदा करवून घेऊन ते राष्ट्राला दिले. १८३७ साली तो निवर्तला. घर शक्यतो तो असतानाच्या स्थितीत राखावे, अशी व्यवस्था त्या कायद्याने केली. भारतातील निकटचे उदाहरण चंदीगडचे आहे. ल कॉर्ब्युझिए ह्याचा चुलतभाऊ पिअर जानरे १९५४ ते १९६५ ह्या काळात सेक्टर ५ मधील ५७ क्रमांकाच्या घरात राहिला. स्वतः आखलेले हे सरकारी निवासस्थान २०१७ साली संग्रहालय म्हणून खुले झाले. सोनच्या घरात संग्रह पाहावयाचा असतो. जानरेच्या घरात विटेची भिंत, साधे लाकडी सामान आणि उन्हाचा विचार करून ठेवलेल्या खिडक्या, म्हणजे घर हेच प्रदर्शित होते.

महाराष्ट्रात ह्या परंपरेस सर्वांत जवळचे ठिकाण अलिबाग तालुक्यातील सासवने हे होय. ते वास्तुशिल्पज्ञाचे नव्हे, शिल्पकाराचे घर आहे. तथापि जुन्या भाषेतील ‘शिल्पी’ हा शब्द दोहोंनाही कवेत घेणारा असल्याने ते ह्या विचारात अप्रस्तुत ठरत नाही. विनायक पांडुरंग करमरकर ह्यांचा जन्म १८९१ साली ह्याच गावी झाला. त्यांनी देवळाच्या भिंतीवर काढलेले अश्वारूढ शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफील्ड ह्यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्या साहाय्याने मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे दार उघडले. पुढे कलकत्ता, इंग्लंड असा प्रवास झाला. पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा मुंबईच्या माझगाव गोदीत एकसंध ओतला गेला आणि १९२८ साली त्याचे अनावरण झाले. भिंतीवरील चित्राचा घोडेस्वार अशा रीतीने धातूत उतरला. १९६७ साली, ज्या वर्षी जानरे वारला त्याच वर्षी, करमरकरांचेही निधन झाले. त्यांचे घर ‘करमरकर शिल्पालय’ म्हणून कुटुंबीयांनी जपले.

सासवन्याच्या घरात शिरणाऱ्या अभ्यासकाने एक गोष्ट विशेषेकरून ध्यानी घ्यावी. पुतळ्यांसाठी नामांकित असलेल्या ह्या कलावंताने स्वतःच्या अंगणात राजे उभे केले नाहीत. तेथे सिमेंटची म्हैस आहे, आणि ती गोठ्यातून नुकतीच बाहेर आल्यासारखी भासते. घरात आणि आवारात कोकणातील साधी माणसे, कष्टकरी स्त्रिया, जनावरे ह्यांची शिल्पे आहेत. शहरातील चौकात जे उभे राहिले ते दुसऱ्याने करविलेले होते; अंगणात जे आहे त्याला करविता नाही. प्रयोजक क्रियेचा येथे लोप होतो आणि शुद्ध ‘केले’ उरते. कलावंताच्या घराचे संग्रहालय जे सांगू शकते आणि त्याची सार्वजनिक कामे जे सांगू शकत नाहीत, ते हेच.

तरीही एक सावधगिरी आवश्यक आहे. घरासारखा दस्तऐवज निर्व्याज नसतो. काय ठेवावे आणि काय दूर करावे हे सोनने स्वतः ठरविले. अन्यत्र वारसांनी किंवा शासनाने ठरविले. शिवाय एका कर्त्याचे घर राखले गेले की त्याच्या हाताखालचे कर्ते पुन्हा झाकले जातात. माझगाव गोदीत तो धातू वितळविणारे, साचा बांधणारे आणि ओतीव काम पार पाडणारे हात कोणाचे होते? चंदीगडातील जानरेच्या भिंतीच्या विटा कोणी रचल्या? करमरकर आणि जानरे हेही त्यांच्यापुरते ‘करविते’च ठरतात. अशा रीतीने प्रयोजकाची साखळी प्रत्येक पायरीवर एक नाव ठेवते आणि त्याखालचे पुसते.

म्हणून ह्या घरांचा उपयोग केवळ गौरवस्थाने म्हणून करणे अपुरे होय. ती एका प्रश्नाची उदाहरणे आहेत, आणि तो प्रश्न मराठवाड्यातील गावोगावच्या पडक्या वाड्यांना आजही विचारता येण्याजोगा आहे. वाड्याच्या धन्याचे नाव प्रत्येकजण सांगतो. तो कोणत्या गवंड्याने, कोणत्या पाथरवटाने, कोणत्या सुताराने बांधला, हे गावातील एखाद्या वृद्धास ठाऊक असण्याचा संभव असतो, आणि तो संभव वर्षागणिक कमी होत आहे. क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या टिपणवहीत ‘कोणी बांधविला’ ह्या रकान्याशेजारी ‘कोणी बांधला’ हा दुसरा रकाना आखलेला असावा. कोकसाचे घर आता सापडावयाचे नाही. परंतु तो रकाना आखण्यास फार उशीर झालेला नाही.