बचावफळीतील विद्यार्थिनी

फुटबॉलच्या इतिहासात गोल करणाऱ्यांची नावे ठळक अक्षरांत येतात. गोल अडविणाऱ्यांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. म्हणूनच कॅनडाच्या कदेशा ब्युकॅनन हिची वाटचाल येथे नोंदवावी, असे आम्हांस वाटते.

१९९५ साली टोरांटो येथे, मूळच्या जमैकन कुटुंबात ती जन्मली. सात बहिणींत धाकटी. जानेवारी २०१३ मध्ये, सतराव्या वर्षी, तिने राष्ट्रीय संघात पदार्पण केले आणि त्याच वर्षी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात प्रवेश घेतला. अॅशली लॉरेन्स ही राष्ट्रीय संघातील सहकारीही तेथेच आली.

कॅनडाच्या मुलींना हे दार खुले झाले ते मुळात अमेरिकन मुलींसाठी झालेल्या कायद्यामुळे. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ने सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई केली. त्या कलमात खेळाचा शब्दही नव्हता! तरीही विद्यापीठांना मुलींचे संघ उभारावे लागले, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या, आणि १९८२ पासून राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेची महिला फुटबॉल स्पर्धा सुरू झाली.

२०१५ चा विश्वचषक कॅनडातच भरला. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने यजमानांना २-१ असे हरविले. परंतु सर्वोत्तम युवा खेळाडूचा मान कदेशाला मिळाला. वय अवघे एकोणीस. खरा प्रश्न येथेच उभा राहिला. त्या काळच्या नियमानुसार व्यावसायिक करारावर सही केली की महाविद्यालयीन मैदान कायमचे बंद. जगाने वाखाणलेली ही मुलगी मात्र विद्यापीठात परतली आणि चारही हंगाम खेळली. या निर्णयाचे मोल आम्हांस त्या पुरस्काराहून अधिक वाटते.

ऑगस्ट २०१६ मध्ये यजमान ब्राझीलला २-१ असे नमवून कॅनडाने ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले. तेथून ती थेट विद्यापीठाच्या संघात आली. डिसेंबरात अंतिम सामना गाठला, पण सदर्न कॅलिफोर्नियाने तो ३-१ असा जिंकला. वेस्ट व्हर्जिनियाचा एकमेव गोल लॉरेन्सचा. त्या हंगामातील सर्वश्रेष्ठ महाविद्यालयीन खेळाडूस दिली जाणारी हर्मन ट्रॉफी मात्र कदेशाला, एका बचावपटूला, मिळाली.

जानेवारी २०१७ मध्ये ती फ्रान्सच्या लिआँ संघात गेली, लॉरेन्स पॅरिस सेंट जर्मेनमध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये कार्डिफ येथे चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. पेनल्टींवर लिआँ विजयी झाला. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये कॅनडाने स्वीडनवर, पुन्हा पेनल्टींवरच, मात करून सुवर्णपदक मिळविले, तेव्हा मात्र दोघी एकाच संघात होत्या.