गुरुवार, दुपारी साडेतीन, प्लाझा दे मायो

अर्जेंटिना म्हटलं की आपल्याकडं मॅराडोना आणि मेस्सी. वर्ल्डकप आला की कोल्हापुरात पेठापेठांत निळे-पांढरे झेंडे लागतात. पण त्याच देशाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्समध्ये एक चौक आहे. त्याची गोष्ट आपल्याकडं फारशी कुणी सांगत नाही, म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट.

मेहुणा नोकरीनिमित्त तिकडं असतो, त्यामुळं आमचं जाणं झालं. मी, बायको, दहावी झालेली मुलगी आणि आई. पहिल्याच दिवशी भुयारी रेल्वेनं निघालो. ही लाईन १९१३ सालची, लॅटिन अमेरिकेतली पहिली. शेवटचं स्टेशन प्लाझा दे मायो. वर आलो की समोर राष्ट्राध्यक्षांची गुलाबी इमारत, कासा रोसादा. हिच्याच बाल्कनीतून पेरॉन आणि एविता लोकांशी बोलायचे. एका बाजूला कॅथेड्रल. पोप फ्रान्सिस आधी इथलेच आर्चबिशप. दुसऱ्या टोकाला काबिल्दो, म्हणजे स्पॅनिश काळातली नगरपालिकाच म्हणा. मे १८१० मध्ये इथंच स्पेनच्या व्हाइसरॉयला हटवून लोकांनी आपलं सरकार नेमलं. चौकाला 'मे' महिन्याचं नाव त्यावरून. पुढं रस्ते काढताना या इमारतीच्या अकरा कमानींपैकी सहा पाडल्या, पाच उरल्या. रस्ता रुंदीकरण काय, सगळीकडं सारखंच!

चौकाच्या मधोमध एक पांढरा स्तंभ आहे. त्याभोवती फरशीवर डोक्याला बांधायचे पांढरे रुमाल रंगवलेत. मुलीनं विचारलं, "पप्पा, हे काय?" खरी गोष्ट इथून सुरू होते.

२४ मार्च १९७६ ला लष्करानं सत्ता घेतली. त्यानंतर विद्यार्थी, कामगार, शिक्षक, वकील, पत्रकार अशी माणसं घरातून उचलली जाऊ लागली. अटकेची नोंद नाही, कोर्ट नाही, प्रेत नाही. आईवडील पोलिसांत गेले की उत्तर एकच : आमच्याकडं असं कुणी नाही. १९८४ च्या सरकारी चौकशी आयोगानं ८,९०० च्या वर बेपत्ता माणसांची नोंद केली. मानवी हक्क संघटना आकडा ३०,००० सांगतात. रोदोल्फो वॉल्श या पत्रकारानं सत्तापालटाच्या पहिल्या वर्षदिनी लष्कराला उघड पत्र लिहिलं. दुसऱ्याच दिवशी त्याला गाठून गोळ्या घातल्या. बहुतेक पेपर गप्प होते.

३० एप्रिल १९७७ ला १४ बायका या चौकात जमल्या. बहुतेक आया. पुढारी आसुसेना व्हिलाफ्लोर, साधी कामगार घरातली बाई. जमावबंदी होती. पोलीस म्हणाले, इथं थांबायचं नाही, चालत राहा. मग त्या चालू लागल्या, दोघी-दोघी, स्तंभाभोवती. हुकूम पाळला आणि त्याचाच मोर्चा झाला! पुढं गुरुवार ठरला, वेळ दुपारी साडेतीन. गर्दीत एकमेकींना ओळखता यावं म्हणून डोक्याला पांढरं कापड बांधायचं ठरलं. ते कापड म्हणजे लेकरांचे लंगोट. नंतर त्या रुमालांवर मुलांची नावं भरली गेली.

हे ऐकून आई एवढंच म्हणाली, "तुझी दुपटी अजून ट्रंकेत आहेत."

१० डिसेंबर १९७७ ला या आयांनी बेपत्ता मुलांच्या नावांची जाहिरात पेपरात छापून आणली. त्याच दिवशी आसुसेनाबाईंना उचललं. त्यांच्या दोन सहकारी आयांना दोन दिवस आधीच नेलं होतं. बेपत्ता तरुणाचा भाऊ म्हणून त्यांच्यात मिसळलेला नौदलाचा अधिकारी आल्फ्रेदो आस्तिस, त्यानंच घात केला. तिघींनाही विमानातून समुद्रात फेकलं. समुद्रानं प्रेतं किनाऱ्यावर आणली, ती बेवारस म्हणून पुरली गेली. ओळख पटली ती २००५ साली, हाडांच्या तपासणीतून. आसुसेनाबाईंची रक्षा आज त्याच स्तंभापाशी आहे.

आणि फुटबॉल? १९७८ चा वर्ल्डकप अर्जेंटिनानं याच शहरात जिंकला. त्या मैदानापासून जवळच नौदलाची शाळा होती. तिथं छळछावणी चालायची. आज तिथं संग्रहालय आहे, २०२३ पासून जागतिक वारशाच्या यादीत.

आम्ही गेलो तो वार गुरुवारच होता. साडेतीनला फेरी सुरू झाली. म्हाताऱ्या आया, काही व्हीलचेअरवर, मागं तरुण पोरं. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि आम्हाला न विचारता त्यांच्या मागं चालायला लागली. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. एका बाईनं तिचा हात धरला. दोन फेऱ्या झाल्या.

या आयांकडं ना पैसा होता, ना पक्ष, ना पेपर. सरकार म्हणत होतं अशी माणसंच नाहीत, आणि या दर आठवड्याला नाव घेऊन सांगत होत्या की आहेत. पुढं १९८५ मध्ये लष्करशहांवर खटला चालला, व्हिदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली. मधे माफ्या मिळाल्या, त्या रद्द झाल्या, खटले पुन्हा उभे राहिले. पळवलेल्या बाळांपैकी १३० हून अधिक नातवंडं आज्यांनी शोधून काढली. शोध अजून चालू आहे.

आपल्याकडं अपघात, पूर, दंगल झाली की दुसऱ्या दिवशी आकडा छापून येतो आणि आठवडाभरात विषय संपतो. माणसांची नावं कुणी लिहून ठेवतं का? आपल्या तालुक्यापुरतं तरी हे काम करता येईल. कुणाला बरोबर यायचं असेल तर सांगा.