म्हातारचळ कीं व्याधि?

दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यांतील ऊसतोडीचीं कुटुंबें परमुलखीं जातात. मागें राहिलेला वृद्ध घरची वाट विसरूं लागला, तर ‘साठी बुद्धि नाठी’ म्हणून लोक मोकळे होतात. १९०६ सालीं जर्मन वैद्य आल्झायमर यांनीं या समजुतीला धक्का दिला. स्मृति गमावून ५५ व्या वर्षीं वारलेल्या स्त्रीच्या मेंदूंत त्यांना साचलेल्या द्रव्याचे पुंजके दिसले. १९८४ सालीं ग्लेनर व वाँग यांनीं अशा मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून अमिलॉइड वेगळें केलें. १९८७ सालीं त्याचा उगम सांपडला: निरोगी मज्जापेशींतहि असणारें एक मोठें प्रथिन. त्याला दोन ठिकाणीं छेद पडला कीं अमिलॉइड सुटतें. रोग समूळ घालविणारें औषध अद्यापि नाहीं; तथापि फडावरून परतलेल्या मुलानें बापाला भ्रमिष्ट न म्हणतां वैद्याकडे न्यावें, एवढें या इतिहासाचें मोल खचित आहे.